आवाबाईंची अट

वरळी नाक्यावर टॅक्सीत बसले, वांद्र्याला जायचं म्हणून सांगितलं, आणि मीटर टाकता टाकता काकांनी विचारलं, "सी लिंकने घेऊ का ताई? टोल तुमचा." मुंबईत टॅक्सीने फिरणाऱ्या कुणालाच हा प्रश्न नवा नाही. एरवी मी मान हलवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. त्या संध्याकाळी मात्र का कोण जाणे, "नको, माहीमवरूनच चला," असं तोंडातून निघून गेलं. घाई नव्हती असं नाही. शंभर रुपये जड होते असंही नाही. तरी निघून गेलं. मग व्हायचं तेच झालं. प्रभादेवी, शिवाजी पार्क, माहीमचा दर्गा असं करत करत कॉजवेवर आलो आणि तिथे टॅक्सी जी थांबली ती थांबलीच. खाडीचा तो ओळखीचा वास आत शिरला. ओहोटीचा चिखल, सुकत घातलेले मासे आणि डिझेल यांचं मिश्रण, ज्याला माहीमकर नाक मुरडत नाहीत आणि बाहेरचे काच वर करतात. डावीकडे, पाण्यापलीकडे, सी लिंकच्या तारा उजळलेल्या दिसत होत्या. त्यांच्याखालून गाड्यांचे दिवे सुळकन सरकत होते. काकांनी इंजिन बंद केलं, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि जराही कुरकुर न करता म्हणाले, "इथं टोल नाय ना, म्हणून सगळे हितंच."

वाक्य एवढंच. पण ते मला नंतर बरेच दिवस सोडेना. कारण इथे टोल का नाही, हे मला माहीत होतं आणि त्या अर्ध्या तासात ते सांगायला माझ्याकडे वेळही भरपूर होता. मी सांगितलं मात्र नाही. रहदारीत अडकलेल्या माणसाला इतिहास सांगणं हा एक प्रकारचा आगाऊपणाच.

इथे टोल नाही, कारण एका बाईने तशी अट घातली होती. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी नुसती खाडी होती, आणि पलीकडे जायचं तर होडी. पावसाळ्यात, वादळात होड्या उलटायच्या, माणसं जायची. कंपनी सरकारला रस्ता बांधा म्हणून सांगून झालं, पण सरकारने खर्चाचं कारण देऊन हात वर केले. तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःच्या पैशातून १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. माहीममधून जाणाऱ्या ज्या एल. जे. रोडवर आपण रोज हॉर्न वाजवतो, त्यातल्या लेडी जमशेटजी त्या याच. पैसे देताना त्यांनी सरकारपुढे अट ठेवली होती की या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून सरकारने पथकर घ्यायचा नाही. ही अट अशी हवेतून आलेली नव्हती. शेजारी शीवचा बंधारा गव्हर्नर डंकनच्या काळातच बांधून झाला होता आणि तिथे ये-जा करणाऱ्यांकडून पैसे घेतले गेले होते. म्हणजे सरकारच्या हातात पूल आला की पुढे काय होतं, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं. दानशूर वगैरे आपण म्हणतोच, पण मला त्यांच्या दानापेक्षा हा सावधपणा जास्त आवडतो. पैसे देणारे पुष्कळ असतात. पैसे देऊन वर लेखी अट घालणारे थोडे.

आणि आता नकाशात बघितलं तर गंमत दिसते. त्या अटीवर उभ्या असलेल्या कॉजवेला समांतर, हाकेच्या अंतरावर, समुद्रातून दुसरा पूल गेला आहे, आणि त्याच्या वांद्र्याच्या तोंडाशी टोल नाका आहे. सी लिंकची पायाभरणी १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या हस्ते झाली, उद्घाटन ३० जून २००९ ला सोनिया गांधींच्या हस्ते, आणि नाव लागलं राजीव गांधींचं. पाच वर्षांत होणार म्हणून सांगितलेल्या ५.६ किलोमीटरच्या पुलाला दहा वर्षं लागली, ६६० कोटींचा अंदाज १,६०० कोटींच्या घरात गेला. नारळ फोडणारे वेगळे, फीत कापणारे वेगळे, नावावरून भांडणारे आणखी वेगळे. टोल घ्यायचा की नाही, यावर मात्र कुणाचा मतभेद झाल्याचं मला आठवत नाही. पहिले काही दिवस पूल फुकट होता. तेव्हा अख्खी मुंबई सहकुटुंब तिथे लोटली होती. आम्हीही गेलो होतो. मधोमध गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना पोलीस शिट्ट्या मारून हाकलत होते आणि माझी आई खिडकीतून दादर चौपाटी शोधत होती. समुद्रातून आपलं शहर बघायचं ही तोवर कोळ्यांची मिरास होती. ती पन्नास रुपयांत सर्वांना मिळाली, असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटलं होतं. सर्वांना म्हणजे चारचाकीवाल्यांना. दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणारा माणूस यांनी शंभराची नोट पुढे केली तरी त्यांना तिथे प्रवेश नाही. आवाबाईंच्या रस्त्यावरून मात्र बैलगाडीपासून बुलेटपर्यंत सगळे गेले आणि जातात. गर्दीचं एक कारण तेही असेल.

हे सगळं ज्या महामंडळाने केलं त्याचा जन्म माझ्या समोर झाला, असं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ मधलं. युतीचं सरकार, बांधकाम खातं नितीन गडकरींकडे, आणि सरकारी तिजोरीत रस्त्यांसाठी पैसा नाही. मग कल्पना निघाली की सरकारचीच एक कंपनी काढायची, तिने बाजारातून कर्ज उभारायचं, रोखे विकायचे, रस्ते बांधायचे आणि टोलमधून कर्ज फेडायचं. ५५ उड्डाणपुलांची घोषणा झाली. सगळे झाले नाहीत, पण बरेच झाले, आणि भराभर झाले. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ते निळे पत्रे आठवत असतील. शहरभर रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे, त्यामागे खड्डे, रात्री पिवळ्या दिव्यांत क्रेनला लटकणारे लांबच लांब गर्डर. बसच्या खिडकीतून ते बघताना मला धास्तीही वाटायची आणि अभिमानही. पूर्वी शीव सर्कलला लाल दिव्यात बसल्या बसल्या शेंगदाण्यांची पुडी संपायची. एक दिवस बस वरून गेली आणि पुडी तशीच हातात राहिली. दुकानांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या एकदम समोर आल्या. लोकांच्या घरात वाळत घातलेले कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, टीव्हीसमोर बसलेली म्हातारी. आपण वेगाने जातोय याचा आनंद आणि आपण कुणाच्या तरी घरात डोकावतोय याची शरम, दोन्ही एकाच वेळी.

या पुलांचा खर्च वसूल कुठून झाला, तर वेशीवरून. वाशी, ऐरोली, मुलुंडला दोन आणि दहिसर असे पाच नाके. व्यवहार म्हणून बघितलं तर सोयीचं आहे. शहरात शिरायच्या वाटा मोजक्याच, तिथे माणूस बसवला की झालं. न्याय म्हणून बघितलं तर गोची आहे. अंधेरीत राहणारा, अंधेरीतल्याच पुलांवरून रोज जाणारा माणूस एक पैसा देत नव्हता. आणि माझी ताई, जी ठाण्यात आनंदनगर नाक्यापासून पाच मिनिटांवर राहते, ती मुलीला मुलुंडच्या क्लासला सोडायला निघाली की टोल भरायची. मुलुंड तिच्या गच्चीतून दिसतं. जोगेश्वरीचा पूल तिने आयुष्यात फार तर लग्नाकार्याला जाताना ओलांडला असेल, पण त्याचे हप्ते ती वर्षानुवर्षं भरत होती. वेशीबाहेर राहणं हाच जणू तिचा गुन्हा.

नाक्यावरचं वातावरण मात्र मला आवडायचं, हेही सांगून टाकते. ती गुलाबी-पिवळी पातळ पावती, जी वर सनशेडमध्ये खोचून ठेवायची आणि महिन्याने एकदम सगळ्या खाली पडायच्या. तोंडाला ओढणी गुंडाळून धुरात आठ तास बसलेल्या मुली, ज्या आपल्याकडे न बघता पैसे घ्यायच्या आणि बाजूच्या खिडकीतल्या मैत्रिणीशी कालची अर्धी राहिलेली गोष्ट पुढे चालू करायच्या. सुट्टे नाहीत म्हणून हातावर टेकवलेलं चॉकलेट. गजरेवाले, चिक्कीवाले, पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावून देणारा पोरगा. फास्टॅग आल्यावर हे सगळं बघता बघता विरळ झालं. आता पैसे आपल्या हातून जात नाहीत, खात्यातून जातात, आणि गाडी पुढे गेल्यावर मोबाइल टुणकन वाजतो. रांग कमी झाली हे चांगलंच. पण माझा एक संशय आहे. हातातून नोट जाताना माणूस दर वेळी मनात एक शिवी हासडायचा, ती शिवी लोकशाहीला थोडी उपयोगाची होती.

पुण्याच्या रस्त्याची गोष्ट थोडी वेगळी. बाबा आम्हाला घेऊन पुण्याला निघाले की जुन्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर गाडी हळू करायचे आणि खिडकीतून नाणी टाकली जायची. इंग्रजांना बोरघाटातली वाट शिंग्रोबा धनगराने दाखवली आणि त्या उपकाराची फेड त्यांनी गोळी घालून केली, अशी कथा सांगतात. बाबा त्या कथेवर विश्वास ठेवणारे नव्हते, पण नाणं टाकायला चुकायचे नाहीत. "रस्ता दाखवणाऱ्याचं देणं असतं," असं काहीसं म्हणायचे. पुढे द्रुतगती मार्ग झाला. त्याची निविदा आली तेव्हा खासगी कंपनीचा आकडा ३,६०० कोटींचा होता, तो नाकारून महामंडळाने रस्ता त्याहून कितीतरी कमी पैशांत बांधला, ही हकीकत गडकरी अजून भाषणांत रंगवून सांगतात, आणि रंगवून सांगण्यासारखी ती आहेच. २००२ पर्यंत ९४.५ किलोमीटरचा सगळा रस्ता सुरू झाला. पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा बाबा गप्पच होते. घाट चढून वर आल्यावर म्हणाले, "ब्रेक जळल्याचा वास नाही आला." त्यांच्या पिढीने घाटात मुंगीच्या पावलाने चाललेल्या ट्रकांमागे जी वर्षं घालवली, त्यांचं मोल कुठल्याही टोलमध्ये बसत नाही. तेव्हा टोल नकोच, रस्ते फुकटच हवेत, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

गाडं अडतं ते मुदतीपाशी.

२००४ मध्ये महामंडळाने या रस्त्याची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी एका कंपनीला दिली आणि ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले. पंधरा वर्षांचा उद्याचा टोल आजच विकायचा आणि मिळालेल्या पैशांतून आधीची देणी भागवायची, असा हा व्यवहार. ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत संपली. आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, त्यांनी ती तारीख लक्षात ठेवली होती. आता पुणे फुकट, म्हणून ते आठवडाभर सांगत फिरत होते. टोल एक दिवसही थांबला नाही. २०२० मध्ये नवा करार झाला, या वेळी दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी. दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ ठरलेली, त्याप्रमाणे एप्रिल २०२३ पासून मोटारीचे २७० चे ३२० झाले. कुणी काही बेकायदा केलं असं मी म्हणत नाही, कागद चोख असतील. पण पहिल्यांदा विकलेला रस्ता दुसऱ्यांदा विकता आला, आणि तोही नऊपट भावाने, म्हणजे मुळात फिटायचं काय होतं? नाक्यावरच्या फलकावर मोटारीला किती, ट्रकला किती, हे लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत असतं. आमदारांना माफी, रुग्णवाहिकेला माफी हेही असतं. या रस्त्याचे किती आले आणि किती राहिले, हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत वाचल्याचं मला स्मरत नाही. वाण्याच्या वहीत सुद्धा बाकी लिहिलेली असते.

मुदतीची सगळ्यात भन्नाट गोष्ट शिवडी-न्हावाशेवा पुलाची. तो आज अटल सेतू म्हणून उभा आहे, २१.८ किलोमीटर, मोटारीला एका वेळचे अडीचशे रुपये, जानेवारी २०२४ पासून. पण त्याआधी, २००८ च्या सुमारास, रस्ते महामंडळाने त्यासाठी निविदा मागवल्या होत्या. अट अशी की जो कमीत कमी वर्षं टोल घेईल त्याला काम. धाकट्या अंबानींच्या कंपनीने सांगितलं, आम्ही ९ वर्षं ११ महिन्यांत पैसे वसूल करून पूल परत देऊ. थोरल्या अंबानींच्या कंपनीने सांगितलं, आम्हाला ७५ वर्षं लागतील. समुद्र तोच, खांब तेवढेच, सिमेंटचा भाव एकच, आणि एकाच घरातल्या दोन भावांच्या हिशेबात पासष्ट वर्षांचा फरक! निविदा रद्द झाली, पुढे पूल एमएमआरडीए या दुसऱ्या सरकारी संस्थेने बांधला. मला ही गोष्ट आठवली की हसू येतं आणि मग थोडी भीती वाटते. कारण याचा अर्थ असा की पूल फिटायला किती वर्षं लागतात या प्रश्नाला उत्तर नसतं, उत्तर ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना खोलीत आपण नसतो.

कोल्हापूरकर त्या खोलीत घुसले. शहरातल्याच ४९ किलोमीटर रस्त्यांसाठी २२० कोटींचं 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' झालं आणि गावात शिरायला टोल बसला, तेव्हा ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे उतरले, बायाबापड्या उतरल्या. नाके पेटले, तो भाग मला पटत नाही. पण टोल गेला. मुंबईत असं होणं अवघडच. इथे नाक्यावर आंदोलन झालं की आपण आधी गूगल मॅपवर पर्यायी रस्ता बघतो. आणि राजकीय पक्षांचं तर ठरलेलंच, विरोधात असताना नाक्याच्या काचा, सत्तेत असताना नाक्याचा करार.

मग १४ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल मध्यरात्रीपासून माफ झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली, आचारसंहिता लागली. हा योगायोग मुंबईकरांनी फारसा मनावर घेतला नाही. मोठे ट्रक टोल भरत राहिले, म्हणजे आपली भाजी आणि आपला सिलिंडर टोल भरत राहिले, पण ते दिसत नाही. तिकडे कोस्टल रोड महापालिकेने बांधला, जवळपास १४ हजार कोटी रुपये खर्चून, आणि त्यावर टोल नाही. त्यामुळे आता मरीन ड्राइव्हहून समुद्राकाठाने वरळीपर्यंत फुकट यायचं आणि तिथून तसंच सरळ पुढे वांद्र्याला गेलात तर शंभर रुपये. पाणी तेच, वारा तोच. बांधणारं ऑफिस बदललं, एवढाच फरक. वर्सोव्याकडे जाणाऱ्या पुढच्या सागरी सेतूचं काम चालू आहे आणि ते ऑफिस रस्ते महामंडळाचं आहे, तेव्हा तिथे काय होणार याचा अंदाज कुणीही करावा.

त्या दिवाळीत ताईकडे फराळाला गेले होते. भावजी जाम खुशीत होते. "बघ, पंचेचाळीस वाचले," म्हणून त्यांनी मला दोनदा सांगितलं, तेही मी ट्रेनने आले असताना. नाक्याची केबिनं तिथेच आहेत, गाड्या अजून तिथे आल्यावर सवयीने हळू होतात, पुढे जाऊन परत अडकतात, अशी ताईची तक्रार होती, पण भावजींनी ती कानाआड केली. त्यांच्या मते ठाणेकरांना स्वातंत्र्य मिळालं होतं. भाची चकली खात मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "पण बाबा, नाक्यांवर टोल घेणाऱ्या त्या कंपनीने तर आधीच पैसे दिले होते ना सरकारला? २,१०० कोटी की काय ते. २०१० साली."

"हो. मग?"

"मग आता त्यांचे बुडणार?"

"छे! सरकार भरपाई देणार की."

"सरकार कुठून देणार?"

भावजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, जणू मी तिला शिकवून पाठवलं होतं. मग त्यांनी लाडवांचं ताट तिच्यासमोर सरकवलं आणि म्हणाले, "तू आधी हे संपव."